सणासुदीचा 'ताप' आणि सर्टिफिकेटची सक्ती

मोगरा: 'दिवाळी आली की सिस्टरना ताप येतो; पहिल्याच दिवसापासून मेडिकल सर्टिफिकेट सक्तीचं करा' ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. सरकारीत सीएल, म्हणजे किरकोळ रजा, वर्षाला ८. त्या संपल्या की परिवर्तित रजेच्या (आजारपणातली पूर्ण पगारी रजा) १ दिवसाला अर्धपगारी रजेतले २ दिवस कापतात, आणि तिथे सर्टिफिकेट आधीपासूनच लागतं. खाजगीत ईएसआयचे (कामगार विमा) आजारपणाचे पहिले २ दिवस कोरडे, पैसे नाहीत. आणि जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास वॉर्डात पाऊल ठेवू नये. गोळी गिळून आलेली सिस्टर नवजात बाळांजवळ चालेल?

बंडू_आस्थापना: ४८ तास मान्य. पण सकाळी सातला 'येत नाही' म्हणून फोन आला की नाईटवाली अडकते. ओव्हर (वॉर्डाचा ताबा) घ्यायला कोणी नाही, कपाटाच्या चाव्या तिच्याकडे, इंजेक्शनं मोजून दिल्याशिवाय हलता येत नाही. बाराचे अठरा तास होतात. आणि हा ताप नेमका ऑफला जोडूनच कसा येतो? ड्युटी लिस्ट बघा.

मोगरा: ऑफ! आधी ते मिळतात का विचारा.

खडूस_काका: ऑफवरून आठवलं. एसआययूच्या (केंद्राचं कर्मचारी तपासणी पथक) निकषात जनरल वॉर्डाला १:६, म्हणजे सहा खाटांना एक सिस्टर, वर सुट्ट्या-रजांसाठी ४५ टक्के राखीव पदं. ३० खाटांना ५ सिस्टर: सकाळी २, दुपारी २, रात्री १. महिन्याला ८ ऑफ आणि ३ राष्ट्रीय सुट्ट्या म्हणजे वर्षाचे ९९ दिवस गेले, कामाचे उरले २६६. ३६५ भागिले २६६ करा, ३७ टक्के तिथेच संपले. उरलेल्या ८ टक्क्यांत अर्जित रजा, बाळंतपण आणि तुमची दिवाळी. ही राखीव पदं भरलीच नाहीत तर सर्टिफिकेट काय ड्युटी करणार?

बंडू_आस्थापना: पदं भरणं आमच्या हातात असतं तर काय हवं होतं! विषय रजेचा आहे, भरतीचा नाही.

खडूस_काका: विषय तोच आहे. तुम्हाला भागाकार नकोय, एवढंच.

बंडू_आस्थापना: बरं बाबा, सर्टिफिकेट तिसऱ्या दिवसापासून. पण फोन रात्री दहाच्या आत आणि थेट इन्चार्जला. पहाटे ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही.

मोगरा: उपकार झाले. तापालाही कळवते, दहाच्या आत चढ म्हणून.