मदत हवी आहे: बाबांच्या लघवीत क्लेबसिएला, चवथीला घर भरणार

फोंड्याजवळच्या गावात राहते. बाबा (७८) पक्षाघातानंतर बरेच दिवस आयसीयूत होते, आता घरी आहेत. कॅथेटर (लघवीची नळी) अजून आहे. डिस्चार्जच्या कागदांत लघवीचा कल्चर (जंतू-तपासणी) रिपोर्ट मिळाला: क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू. खालच्या औषधांपुढे ओळीने 'आर' (म्हणजे औषध चालत नाही), मेरोपेनेम या जोरदार अँटिबायोटिकपुढेसुद्धा. फक्त कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे 'आय' (मधला शेरा).

ताप नाही, पेज व्यवस्थित घेतात. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक नको. काकांचा हट्ट की दुसरीकडे नेऊन कोलिस्टिन सुरू करा. वॉर्डात नर्स फक्त बाबांच्याच खाटेकडे गाऊन घालून यायच्या, ते आठवून धास्ती वाटते. चवथीला सगळे येणार, वहिनीचं तान्हं बाळही. येऊ नका म्हणून कळवू का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद
ताई, चवथ खुशाल करा. काकांना मात्र आवरा.

महिनाभर कॅथेटर राहिला की जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत जंतू सापडतात. लक्षणं नसतील तर सहसा औषध देत नाहीत, आणि कोलिस्टिन मूत्रपिंडाला त्रास देणारं आहे. त्या 'आय'वरही जाऊ नका. लॅबची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या नियमांत २०२० पासून या जंतूंसाठी कोलिस्टिनला 'एस' (औषध चालतं) हा शेराच नाही. 'आय' किंवा 'आर', बस्स.

वॉर्डाची गोष्ट वेगळी. तिथे शेजारच्या खाटेवर कुणाला नळी, कुणाला जखम, सगळ्यांना अँटिबायोटिक चालू. जंतू हातांवरून, बेसिनमधून फिरतो. शिवाय एनडीएमसारखं प्रतिकाराचं जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, म्हणून गाऊन. घरातल्या धडधाकट माणसांना धोका कमी. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, बाबांच्या अंथरुणावर ठेवू नका.

पिशवी हातमोजे घालून रिकामी करा, त्यासाठी भांडं वेगळं ठेवा. लघवी संडासातच ओता, भांडी घासायच्या मोरीत अजिबात नाही. पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहू दे, पण जमिनीला टेकवू नका.

थंडी वाजून ताप आला किंवा गुंगी वाटली तर त्याच दिवशी न्या आणि कॅज्युअल्टीत आधी हा रिपोर्ट दाखवा. कल्चर नवीन कॅथेटर घालून घ्यायला सांगा. पिशवीतला नमुना घेतात कुठेकुठे, तो चालत नाही.

धागाकर्ती
खूप आभार. काकांना हे वाचून दाखवते, ऐकतील तर! कॅथेटर काढून बघता येईल का?

प्रतिसाद
हे आधीच विचारायला हवं होतं डॉक्टरांना. लघवी अडकत नसेल तर काढता येतो. आपल्या मनाने मात्र ओढू नका, आतला फुगा रिकामा करावा लागतो.