रूट बंद करा, पण दुसरं टर्मिनल उघडं ठेवून

लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला एसएसएच वापरतात; त्याचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, 22. तो बदलला की सर्व्हर सुरक्षित झाला, असं काही जण म्हणतात. त्याने लॉगमधला कचरा कमी होतो हे खरं, पण स्कॅन करणाऱ्याला नवा पोर्ट सापडायला कितीसा वेळ लागतो? खरा मुद्दा रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा आहे. ते नाव जगजाहीर, त्यामुळे हल्लेखोराला फक्त पासवर्ड ओळखायचा उरतो.

ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरने 2015 मध्ये, 7.0 आवृत्तीत, मूळ सेटिंगच बदललं: रूटला पासवर्डने प्रवेश नाही, 'की' (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) असेल तरच. मी मात्र ते सेटिंग सरळ 'नो' करतो, म्हणजे रूटला थेट प्रवेशच नाही. आपापल्या नावाने आत या, मग सुडो (आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवायची सोय) वापरा. चौघे एकच रूट वापरत असतील तर रात्री दोनला फाइल कुणी उडवली हे शोधत बसा!

आता माझी फजिती. रूट बंद केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ऐटीत टर्मिनल मिटलं. नवा युजर सुडो गटात घालायचाच राहिला होता. आत येता येई, करता काहीच येईना. शेवटी होस्टिंगवाल्याच्या वेब कन्सोलमधून सुटका झाली. तेव्हापासून चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन आणि सुडो, दोन्ही तपासतो.

उबंटू हे लिनक्स वापरणाऱ्यांनो, एसएसएचची मुख्य सेटिंग फाइल बदलूनही पासवर्ड चालतच राहिला तर 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमध्ये डोकवा. तिथल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि पहिली सापडलेली किंमतच धरली जाते. क्लाउड-इनिटची (नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामची) फाइल बऱ्याचदा तिथेच दबा धरून बसलेली असते.