‘बर्मीज डेज’ कपाटातून काढायचं का?

विद्याकाकू (ए विंग): सोसायटीच्या वाचनालयातून नातीने जॉर्ज ऑर्वेलचं ‘बर्मीज डेज’ आणलंय. त्यातला तो इंग्रज एलिस आपल्या लोकांबद्दल, ब्रह्मी लोकांबद्दल जे ओकतो ते वाचवत नाही. मुलांच्या कपाटात हे नको.

सेक्रेटरी: कुणाची हरकत?

नाना (बी २०१): माझी आहे. वहिनी, एलिसची जीभ म्हणजे ऑर्वेलची नव्हे. हा माणूस १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, पोलीस अधिकारी होता. नोकरी सोडली आणि १९३४ साली ही कादंबरी आणली. एलिस शाळकरी पोराच्या तोंडावर छडी मारतो, पोर आंधळं होतं. तिथे लेखक कुणाच्या बाजूने आहे ते शेंबडं पोरही सांगेल.

विद्याकाकू: एलिसचं सोडा. त्या ब्रह्मी मॅजिस्ट्रेटचं, यू पो चिनचं काय? लठ्ठ, लाचखाऊ, कारस्थानी. नायकाची ब्रह्मी रखेल मा हला मे पैशाला हपापलेली. हे तर लेखकच सांगतोय ना?

नाना: यू पो चिनची बायको विसरलात. नवऱ्याला त्याच्या पापांबद्दल तीच बोलते.

मंदार (सी १०३): उद्या सकाळी पाणी उशिरा येणार आहे, बादल्या भरून ठेवा.

सायली (बी ३०४): नाना, काकूंचा मुद्दा खरा आहे. पात्रांचे संवाद सोडून निवेदकाची वाक्यं बघा. भारतीय डॉक्टर वीरस्वामी हा पुस्तकातला सगळ्यात सज्जन माणूस. गोऱ्यांच्या क्लबात त्याला घ्यायचं की नाही यावरून सगळं रामायण. पण त्याच्या बोलण्यातला ‘स’ ऑर्वेल पानोपानी सापासारखा फुत्कारत ठेवतो. ते एलिसला ऐकू येतंय म्हणून नाही, लेखकालाच तसं ऐकू येतंय म्हणून. मला तिथे खरंच राग येतो, कारण बाकी पुस्तक साम्राज्याला नागडं करतं. १९३६ च्या ‘शूटिंग ॲन एलिफंट’ या लेखात त्याने स्वतःच लिहिलंय, मनाने तो ब्रह्मी लोकांच्या बाजूचा होता आणि तरीही बौद्ध भिक्खूच्या पोटात संगीन खुपसावीशी वाटायची. दोन्ही एकाच माणसात. त्याला निर्दोष ठरवू नका आणि एलिसही ठरवू नका.

नाना: हे पटलं गो. ‘स’कडे मी लक्षच दिलं नव्हतं.

मंदार: पण एवढ्या जुन्या, लांबच्या गोष्टीवर एवढी चर्चा?

सायली: लांबची कशी, मंदारदादा? १८८५ ला इंग्रजांनी ज्याचं राज्य घेतलं तो ब्रह्मदेशचा थिबा राजा आपल्याच रत्नागिरीत कैदेत राहिला, १९१६ ला इथेच गेला. त्याच्या राज्यात पुढे काय चाललं, ते या पुस्तकात आहे. आपल्या मुलांनी नाही वाचायचं तर कोणी?

विद्याकाकू: वाचू दे, पण एकटीने नको. ती बारावीत आहे, तिच्याबरोबर मी बसते. सायली, रविवारी येशील का? तो ‘स’ तिला तूच दाखव.

सायली: येते काकू, चारनंतर.

सेक्रेटरी: पुस्तक मोठ्यांच्या कपाटात ठेवतो. बारावीच्या पुढच्यांना नावावर मिळेल.