गायीचं दूध सोसत नाही, मग शेळीचं द्यावं का?

सिडकोची_आई: मुलगी १४ महिन्यांची. गायीचं दूध घेतलं की अर्ध्या तासात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. डॉक्टरांनी दूध बंद केलंय. सासूबाई म्हणतात, शेळीचं द्या, प्रतिकारशक्ती वाढेल. गांधीजीसुद्धा तेच प्यायचे. कुणाचा अनुभव?

सिन्नरचा_शेळीवाला: बिनधास्त द्या ताई. माझ्याकडे संगमनेरी शेळ्या आहेत. आमची तिन्ही पोरं याच दुधावर वाढली, कधी साधी शिंक नाही. फॅटचे कण बारीक, त्यामुळे पचायला हलकं. आयुर्वेदातही खोकला-क्षयावर सांगितलंय. शेळी दहा झाडांचा पाला खाते, ते दुधात उतरतंच की.

म्हसरूळकर: दादा, तुमच्या पोरांना अ‍ॅलर्जी नव्हतीच, मग दुधाने बरं काय केलं? पचणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. इथे शरीर दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजतंय, आणि गायीचं नि शेळीचं केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) जवळजवळ जुळ्या भावंडांसारखं. १९९९ साली इटलीतल्या एका अभ्यासात गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या २६ मुलांना शेळीचं दूध दिलं. २४ जणांना त्रास झाला. ओठ सुजणाऱ्या लेकरावर घरी प्रयोग नको. गांधीजींचा आणि या गांधींचा संबंध तेवढाच!

सिन्नरचा_शेळीवाला: मग शेळीच्या दुधात अल्फा-एस-१ हा केसीनचा प्रकार कमी असतो, हे काय खोटं?

म्हसरूळकर: खोटं नाही, अर्धं आहे. त्याचं प्रमाण जातीप्रमाणे, अगदी शेळीगणिक बदलतं. ज्यांना अ‍ॅलर्जी नाही, फक्त गायीच्या दुधाने जड वाटतं, त्यातल्या काहींना हे मानवत असेल, नाही म्हणत नाही. पण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, यातही जवळपास तेवढंच, त्यामुळे लॅक्टोजने पोट बिघडणाऱ्यांचीही सुटका नाही.

गंगापूर_रोडची_मावशी: डेंग्यूची साथ आली की आमच्याकडे पहाटेपासून शेळीच्या दुधाची शोधाशोध. प्लेटलेट्स वाढतात म्हणे. अहो, ताप उतरल्यावर त्या आपोआप चढतात, श्रेय मात्र शेळीला! त्यात लोक धारोष्ण पितात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी.

सिन्नरचा_शेळीवाला: उकळूनच द्यायचं, एवढं आम्हालाही कळतं मावशी.

म्हसरूळकर: उकळल्याने जंतू मरतात, पण केसीन उष्णतेला सहज दाद देत नाही. आणि या दुधात फोलेट हे रक्तासाठी लागणारं जीवनसत्त्व फारच कमी. फक्त त्यावरच ठेवलेल्या तान्ह्या बाळांना रक्तक्षय झाल्याच्या नोंदी आहेत.

सिन्नरचा_शेळीवाला: बरं. ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पण ‘प्रतिकारशक्ती’ सगळी थोतांड, हे मला पटलेलं नाही. आमच्या आईने नव्वदी गाठली.

सिडकोची_आई: सासूबाईंनी अर्धा लिटरचा रतीब लावलाही होता. आता त्याचा त्यांच्यासाठी चहा होतो. वास येतो म्हणून आलं दुप्पट.