रिमेक करा, पण म्हातारी बदलू नका

पंचवटीची:
शनिवारी घरचे सगळे लग्नाला वणीला गेले होते. मी एकटी. म्हणून 'लपाछपी' आणि 'छोरी' पाठोपाठ पाहिले. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिला मराठी, २०१७ साली थिएटरला आला. दुसरा त्याचाच हिंदी अवतार, २०२१ मध्ये प्राइमवर आला. दिग्दर्शक दोन्हींचा एकच, विशाल फुरिया. शहरातून जीव वाचवून आलेलं जोडपं, बाईला आठवा महिना, उसाच्या फडात एकटं घर, आणि घरात माया करणारी एक बाई. मराठीत पूजा सावंत आणि उषा नाईक. हिंदीत नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ.

माझं म्हणणं एवढंच की घाबरणारी कोणीही घ्या, घाबरवणारी बदलताना दहा वेळा विचार करा. नुसरतने काम मनापासून केलंय, तक्रार नाही. पण उषाताईंची तुळसाबाई ज्या पद्धतीने त्या पोरीला खाऊ घालते, उठबस करते, त्यात मला आमच्या आजीची नणंद दिसत होती. ती वाईट असेल हे मन मानायलाच तयार नव्हतं, आणि भीती तिथूनच शिरली. मीताबाई मोठ्या अभिनेत्री आहेत, पण त्यांच्या पहिल्याच नजरेत मला कळलं की हिच्या हातचं काही खायचं नाही. मग पुढचे दोन तास मी हुशार होऊन बसले. हुशार माणूस घाबरत नाही.

तुळसाबाईच्या वेळी मी पाय पलंगावर ओढून घेतले होते. दुसऱ्या सिनेमात पाय जमिनीवरच.

कॉलेजरोड:
ताई, गोष्ट आधीच माहीत होती ना तुम्हाला? मग दुसऱ्यांदा पाय कशाला वर जातील! उलट्या क्रमाने बघा, मग बोलू.

दुसरं म्हणजे 'लपाछपी' मी थिएटरलाच पाहिला होता, दुसऱ्या आठवड्यात. मला धरून सात माणसं. त्यात दोघं एसीसाठी आलेली. मध्यंतरानंतर एसीही बंद केला त्यांनी, थिएटरचं नाव घेत नाही. 'छोरी' मात्र माझ्या बंगळुरूच्या रूममेटनेही पाहिला, आणि मग त्याने मूळ मराठी शोधून काढला. रिमेकला नावं ठेवणं सोपंय, पण मूळ सिनेमा जगवतो तो रिमेकच.

पंचवटीची:
क्रमाचा मुद्दा मान्य. माझ्या नणंदेने आधी 'छोरी' पाहिला होता. तिला फोन केला. ती म्हणाली, "मला दोन्हीत ऊसच आठवतो." घ्या!

निफाडकर:
ताईंच्या नणंदबाई बरोबर बोलल्या. भो, तुम्ही सगळे फ्लॅटमध्ये बसून म्हातारीवर भांडताय. आमच्याकडे रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला उसाच्या कडेने जावं लागतं. आत काहीतरी सळसळतं. बॅटरी मारली तर पाच फुटांपलीकडे दिसत नाही. ते भूत नसतं, बिबट्या असतो, आणि बिबट्याला कास्टिंग लागत नाही. मादी उसातच पिल्लं घालते, तोडणी लागली की सापडतात. 'लपाछपी' मी बायकोबरोबर पाहिला, दुसऱ्या दिवशी तिने मला रात्री एकट्याला मळ्यात जाऊ दिलं नाही. आता बोला, भीती उषा नाईकांची की उसाची?

सातपूरचा फिटर:
सेकंड शिफ्ट करून आलोय, झोप नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

घाबरवणारा महत्त्वाचा, हे ताईंचं सूत्र एका झटक्यात मोडतं. गुजराती 'वश' घ्या, २०२३ चा. प्रवासात भेटलेला अनोळखी माणूस एका घरातल्या पोरीला वश करतो आणि मग तो सांगेल ते ती करते. आईबापांच्या डोळ्यांदेखत. एवढीच गोष्ट. मुळात तो माणूस हितेन कुमारने केला होता. पुढच्याच वर्षी हिंदीत 'शैतान' आला, त्यात त्याच्या जागी माधवन. बापाच्या जागी अजय देवगण. सगळं घर बदललं, एक सोडून: पोरगी. जानकी बोडीवाला दोन्हीकडे तीच. म्हणजे हिंदीवाल्यांना कळलं होतं की घाबरवणारा दुसरा मिळेल, पण हुकमावर हसणारी, नाचणारी आणि आतून रडणारी ही पोर दुसरी मिळणार नाही. 'वश'साठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

भीती घाबरवणाऱ्याच्या डोळ्यात नसते, ती सोसणाऱ्याच्या अंगात दिसते. माधवनने नुसते डोळे वटारले असते आणि समोरची पोर थंड असती तर आपण पॉपकॉर्न खात बसलो असतो.

पंचवटीची:
दादा, हे उदाहरण मला आठवलंच नव्हतं, जड आहे. पण बघा हं, त्या पोरीच्या हातूनच घरच्यांना इजा होते. मग घाबरवणारी तीच नाही का? तुळसाबाईसारखीच: ओळखीचं, प्रेमाचं माणूस, आणि त्याच्याच हातून वार. तुम्ही माझ्या बाजूने पुरावा दिलात.

सातपूरचा फिटर:
वा रे वा! दोन्ही बाजूंनी पंचवटीच जिंकणार. तुमच्याशी वाद म्हणजे रामकुंडावरच्या गुरुजींशी दक्षिणेचा हिशेब.

जुना प्रेक्षक:
पोरांनो, कास्टिंगचा वाद आपल्याच जिल्ह्याच्या माणसापासून सुरू होतो. फाळके त्र्यंबकचे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला एकही बाई तयार होईना, तेव्हा त्यांनी खानावळीतला अण्णा साळुंके उभा केला. पुढे 'लंकादहन'मध्ये राम पण तोच आणि सीता पण तोच. लोकांनी हात जोडले. तेव्हा चेहरा 'तोच हवा' हा हट्ट आपला आहे, पडद्याचा नाही.

आणि भयपटात तर चेहरा झाकला तरी चालतो. 'तुंबाड'मधली ती साखळदंडातली आजी आठवते? ती मोहम्मद समदने केली आहे, आणि सिनेमातला विनायकचा मुलगाही त्यानेच. एक पोरगा! मेकअपखाली कोण आहे हे मला सिनेमा संपून दोन वर्षांनी कळलं. घाबरायचं राहिलं का त्यामुळे? आमच्या वेळचा 'झपाटलेला' घ्या. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू जेमतेम थोडा वेळ पडद्यावर असतो, मग उरतो रामदास पाध्यांचा बाहुला. पण माझा मुलगा पाच वर्षं कपाट उघडं ठेवून झोपला नाही. बाहुल्याला ऑडिशन होती का?

कॉलेजरोड:
काका, बाहुल्याचा आवाज आणि हात चालवणाराही कलाकारच ना. पण मुद्दा भारी आहे. जपानी 'रिंगू'मध्येही तेच: विहिरीतून येणाऱ्या पोरीचा चेहरा केसांत, आणि ती विचित्र चाल अशी जमवली की अभिनेत्री उलटी चालली आणि फिल्म उलटी फिरवली. भीती त्या चालीची. पुढे अमेरिकेने २००२ मध्ये रिमेक केला, तोही धो धो चालला.

निफाडकर:
आणि सायको? गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये हिचकॉकचा सिनेमा जवळजवळ शॉटला शॉट जोडून केला. कॅमेरा तोच, संवाद तेच, नुसती माणसं बदलली. पडला. म्हणजे माणसांना किंमत आहे. (मी फक्त उसाचा नाही, पोरगा दाखवतो मला सगळं.)

खानदेशी सुनबाई:
धागा वाचतेय मगापासून, आता राहवत नाही. सगळ्यात मोठं उदाहरण कोणीच घेतलं नाही. मल्याळम 'मणिचित्रताळ', १९९३. त्याचे किती अवतार झाले मोजा: कन्नडमध्ये 'आप्तमित्र' सौंदर्याचा, तमिळमध्ये 'चंद्रमुखी' ज्योतिकाचा, हिंदीत २००७ चा 'भूल भुलैया' विद्या बालनचा. प्रत्येक ठिकाणी लोक म्हणतात आमचीच खरी. मूळ मल्याळममधल्या शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि गंमत म्हणजे त्या भूमिकेतला आवाज तिचा नव्हता, डबिंगवाल्या बायकांचा होता. पंचवटीच्या ताई, आता सांगा, घाबरवलं कोणी? चेहऱ्याने की आवाजाने?

पण मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. घरातली सून अंगात आल्यावर घरची भाषा बोलत नाही. मल्याळी घरात ती तमिळ बोलते. तमिळ सिनेमात ती तेलुगू बोलते. हिंदीत बंगाली. भूत नेहमी शेजारच्या भाषेत! रिमेकवाल्यांनी नट्या बदलल्या, वाडा बदलला, रजनीकांतसारखा हिरो आणला, पण हा एक धागा सोडला नाही. माझ्या मते तोच सिनेमा आहे. ओठ ओळखीचे, शब्द परके. ते जिथे जपलं तिथे बाई कोणीही चालली.

सातपूरचा फिटर:
हे मस्त पकडलंत वहिनी. याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना प्रेक्षक:
उत्तर माझ्याकडे आहे. 'रात्रीस खेळ चाले'. नावच मुळी १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'मधल्या गाण्यावरून. तिसऱ्या भागात, २०२१ मध्ये, शेवंता बदलली. अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. भाषा तीच मालवणी, आकेरीचा वाडा तोच, अण्णा नाईक म्हणून माधव अभ्यंकर तेच. तुमच्या हिशेबाने काही फरक पडायला नको होता. आमच्या सोसायटीत मात्र आठ दिवस दुसरा विषय नव्हता. नव्या मुलीला बिचारीला काम करायच्या आधीच नापास केलं.

खानदेशी सुनबाई:
काका, ती चालू मालिका. काल एक चेहरा, आज दुसरा. तो रिमेक नव्हे, घरात नवी सून आणून तिला जुन्या सुनेच्या नावाने हाक मारणं आहे. कोणीही बिथरेल. मी स्वतः बिथरले होते.

पंचवटीची:
बरं, मग एक विचारते. 'मणिचित्रताळ'चा मराठी अवतार करायचा झाला, आणि वाडा इथलाच धरला, जुन्या नाशकातला, तिवंध्याच्या बाजूचा, लाकडी जिना आणि चौक असलेला. सून अंगात आल्यावर कोणत्या भाषेत बोलेल?

कॉलेजरोड:
गुजराती. सुरत जवळ आहे.

निफाडकर:
गुजरातीत भूत? "केम छो" म्हणेल आणि लोक जेवायला बसतील.

सातपूरचा फिटर:
कोकणी नको, ते मालिकेने संपवलं. घाटाखालचं काहीतरी?

खानदेशी सुनबाई:
अहिराणी. दुसरं काय! मी धुळ्याची. लग्न होऊन आले तेव्हा सासरी कोणी मला अहिराणी बोलू देत नव्हतं, गावंढळ वाटायचं त्यांना. मग एकदा ताप चढला, एकशे तीन. मी तापात रात्रभर अहिराणीतच बडबडत होते. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या, आत यायची हिंमत नाही. तेव्हापासून मला घरात पाहिजे ती भाषा बोलायची मुभा आहे.

पंचवटीची:
अगं बाई. मिळाली की कास्टिंग.

जुना प्रेक्षक:
एक वाक्य लिहून दाखवा वहिनी, कसं वाटतं बघू.

खानदेशी सुनबाई:
"कथा जाई रायनी व बाई?" कुठे चाललीस गं, एवढाच अर्थ. पण वाड्यातला दिवा गेलाय, तुम्ही जिन्यावर आहात, आणि मागून सून हे विचारते, अशा आवाजात जो तुम्ही तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.

निफाडकर:
वीज आलीय, मोटार लावायची होती. आता सकाळी लावतो.