कॅनडातील माणसे स्वतः सुट्टीला कोठे जातात : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

काका (सातारा) : सर्वांना नमस्कार. येत्या जुलैच्या अखेरीस मी, तुमची काकू आणि नाशिकची आत्या असे तिघे कॅनडाला येण्याचे निश्चित केले आहे. प्रवासी कंपनीने पंधरा दिवसांचा आराखडा पाठवला असून त्यात टोरांटो, नायगारा, माँट्रियल, बॅन्फ आणि व्हँकूव्हर अशी पाच ठिकाणे आहेत. तो वाचताना मनात आले की ही सगळी पाहुण्यांना दाखवायची ठिकाणे झाली. ज्यांचा जन्म तेथेच गेला ती माणसे स्वतः सुट्टीला कोठे जातात आणि तेथेच का जातात, हे आराखड्यावरून कळत नाही. तेथे राहणाऱ्या तुम्ही मुलांनी सवडीने लिहावे, पण मोघम लिहू नये.

ताई (मिसिसागा) : काका, येथील माणसाची हिवाळ्यातली सुट्टी आणि उन्हाळ्यातली सुट्टी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून उत्तरही दोन भागांत द्यावे लागेल. नोव्हेंबर ते मार्च या काळात ज्याला जमेल तो ऊन शोधत दक्षिणेकडे जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोच माणूस घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरील एखाद्या सरोवराकाठी जाऊन राहतो. देशाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात असल्यामुळे दक्षिणेकडे जाणे म्हणजे आजवर मुख्यतः अमेरिकेत जाणे होते. त्यातही कोण कोठे जाणार हे प्रांतावरून बरेचसे ठरते. आमच्या ऑन्टारिओतील आणि शेजारच्या क्वेबेकमधील लोक फ्लोरिडाला जातात. तेथील हॉलीवूड आणि हॅलंडेल बीच या किनाऱ्यावरच्या गावांत क्वेबेकच्या फ्रेंच भाषकांची इतकी जुनी ये-जा आहे की हिवाळ्यात तेथील दुकानांतून फ्रेंच सहज कानांवर पडते. पश्चिमेकडील प्रांतांतले लोक ॲरिझोनातील फिनिक्स आणि मेसा, कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज किंवा हवाई बेटे पसंत करतात.

निवृत्त मंडळी तर अख्खा हिवाळाच तिकडे काढतात आणि त्यांना येथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. बाहेरून हे आयुष्य निवांत दिसते, पण त्यामागे काटेकोर हिशोब असतो. अमेरिकेत सर्वसाधारणपणे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रांताचा आरोग्य विमा चालू राहावा म्हणून ऑन्टारिओच्या रहिवाशाला कोणत्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात काढावे लागतात. प्रांताचा विमा परदेशातील रुग्णालयाच्या खर्चाचा अगदी थोडा भाग उचलतो, त्यामुळे खासगी प्रवास विमा घ्यावाच लागतो. वय वाढले, मधुमेह किंवा हृदयविकार जडला, की त्याचा हप्ता झपाट्याने चढतो. आमच्या गल्लीतील एक आजोबा अजून स्वतः गाडी चालवतात, पण या हप्त्यामुळे त्यांनी फ्लोरिडाला जाणे सोडले आहे.

आत्या (नाशिक) : पण अमेरिकेवर रागावून कॅनडातील लोकांनी तिकडे जाणेच सोडले, असे मी वाचले होते. ते खरे आहे का?

ताई (मिसिसागा) : सोडले असे म्हणता येणार नाही, पण फार कमी केले हे निश्चित खरे आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर वाढीव आयात शुल्क जाहीर केले आणि कॅनडाने अमेरिकेचे ५१ वे राज्य व्हावे अशी भाषा वारंवार केली. त्या वेळचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी १ फेब्रुवारीच्या भाषणात देशी माल घेण्याचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत बदलून देशातच राहण्याचे आवाहन केले. असे आवाहन ऐकून लोक माना डोलावतात आणि नंतर हवे तेच करतात, असा सर्वसाधारण अनुभव असतो. या वेळी मात्र तसे झाले नाही. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार मोटारीने अमेरिकेत जाऊन परतणाऱ्या कॅनेडियनांची संख्या मार्च २०२५ मध्ये आदल्या वर्षीच्या मार्चपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होती, आणि पुढे जुलैपर्यंत दर महिन्याची घट ३० टक्क्यांच्या वरच राहिली. २०२४ मध्ये कॅनडातून अमेरिकेला सुमारे २ कोटी ४ लाख भेटी झाल्या होत्या आणि त्यांतून तेथे २० अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या घटीचा अर्थ कळतो. पाम स्प्रिंग्ज शहराने मुख्य रस्त्यावर कॅनडाविषयी प्रेम व्यक्त करणारे फलक लावले आणि मेन राज्याच्या गव्हर्नरांनी कॅनेडियन पाहुण्यांच्या स्वागताच्या पाट्या उभ्या केल्या. माझ्या कार्यालयातील अनेकांनी, ज्यांनी एरवी राजकारणाचा विषय कधी काढला नसता, आगाऊ भरलेले पैसे बुडवून फ्लोरिडाची तिकिटे रद्द केली. मला त्यांचा आदर वाटतो, कारण सुट्टी ही वर्षभर वाट पाहिलेली गोष्ट असते.

दादा (कॅल्गरी) : त्यात एक भर घालतो, कारण सगळे श्रेय स्वाभिमानाला देणे मला पटत नाही. त्या काळात कॅनडाच्या एका डॉलरला जेमतेम ७० अमेरिकी सेंट मिळत होते, म्हणजे तेथील प्रत्येक जेवण आणि खोली आम्हाला चाळीस टक्क्यांच्या आसपास महाग पडत होती. शिवाय एप्रिल २०२५ पासून, रस्त्याने येऊन तीस दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी व्यक्तींनी सरकारकडे नोंदणी करावी, हा नियम अमेरिकेने कडकपणे लागू केला आणि अनेक वृद्ध त्याने बिचकले. ज्यांची ॲरिझोनात स्वतःची घरे आहेत त्यांना तर न जाऊन चालत नाही, कारण घर बंद ठेवले तरी कर आणि देखभाल चुकत नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने शेवटी ते घर विकायला काढले, पण ते हौसेने नव्हे.

ताई (मिसिसागा) : दादा, डॉलर त्याआधीही अनेक वर्षे स्वस्तच होता आणि तरी सीमेवर शुक्रवारी संध्याकाळी रांगा लागत होत्या. एका वर्षात जवळजवळ तिसरा हिस्सा माणसे गळाली, ती पैशांमुळे गळाली असे मी मानणार नाही.

वहिनी (माँट्रियल) : क्वेबेकची गोष्ट मी सांगते, कारण येथे सुट्टी कधी घ्यायची हेच मुळात कायद्याने घडवले आहे. बांधकाम व्यवसायातील बहुतेक कामगारांना जुलैच्या शेवटचे दोन आठवडे एकत्र सुट्टी असते, आणि त्यांच्यामागोमाग इतर असंख्य कुटुंबेही तेव्हाच बाहेर पडतात. माँट्रियलहून मोटारीने मेनच्या ओल्ड ऑर्चर्ड बीचवर जाणे ही येथील कित्येक घरांची जुनी परंपरा आहे; अटलांटिकचे पाणी तेथे जुलैतही गार असते, तरी मुले त्यातच वाढतात. २०२५ मध्ये आमच्या इमारतीतील ज्या कुटुंबांनी हा बेत मोडला ती बहुतेक क्वेबेकमधीलच गास्पेच्या द्वीपकल्पाकडे किंवा शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांताकडे गेली. काका, तुमचा प्रवास त्याच पंधरवड्यात येतो आहे. क्वेबेकमध्ये तेव्हा खोल्या मिळणे अवघड असते, हे आताच लक्षात घ्या.

काका (सातारा) : माहिती उत्तम आहे. मात्र एक शंका राहते. जगातील क्षेत्रफळाने दुसऱ्या क्रमांकाचा देश, तीन महासागरांचे किनारे, एवढे पर्वत, मग या लोकांना सुट्टीसाठी देशाबाहेर जावेच का लागते?

ताई (मिसिसागा) : काका, कारण हाच आकार आहे. टोरांटोहून व्हँकूव्हरला विमानाला सुमारे पाच तास लागतात, तर क्यूबाच्या व्हाराडेरोला साडेतीन तास. देशांतर्गत विमान कंपन्या मोजक्या असल्यामुळे भाडी चढी असतात. उलट क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुंता काना किंवा मेक्सिकोतील कानकून येथे विमान, खोली, तिन्ही वेळचे जेवण आणि पेये असे सगळे एकाच दरात आठवडाभरासाठी मिळते. फेब्रुवारीत तापमान उणे पंधरावर असताना अशा आठवड्याचा खर्च व्हँकूव्हरच्या सहलीपेक्षा कमी येतो, हे मी स्वतः तुलना करून पाहिलेले आहे. त्यात बहुतेक प्रांतांत कायद्याने नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत वर्षाला दोनच आठवडे पगारी रजा मिळते. एक आठवडा हिवाळ्याला, एक उन्हाळ्याला, की रजा संपली. आमच्यासारखी मराठी घरे तर ती साठवून भारतात येण्यासाठी वापरतात, म्हणून आमच्यातल्या अनेकांनी आपला नवा देशच नीट पाहिलेला नाही.

क्यूबाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तेथे कॅनेडियन लोकांचा वेगळाच संबंध आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर या खंडातील जवळजवळ सर्व देशांनी क्यूबाशी संबंध तोडले, पण कॅनडा आणि मेक्सिकोने ते राखले. १९७६ मध्ये पंतप्रधान पिएर ट्रुडो तेथे स्वतः गेले होते. अमेरिकी पर्यटकांना बंदी असल्यामुळे तेथील पुळणी कॅनेडियनांना मोकळ्या मिळाल्या, आणि करोनापूर्वी वर्षाला सुमारे दहा लाख कॅनेडियन तेथे जात होते. दरवर्षी त्याच हॉटेलात जाणारे आणि तेथील कर्मचाऱ्यांसाठी बॅगेत औषधे, साबण, मुलांचे कपडे नेणारे लोक मला माहीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या बेटाची संपूर्ण वीजयंत्रणा कोलमडली आणि टंचाई वाढत गेली, तेव्हापासून त्यांच्यातील अनेक जण मेक्सिकोकडे वळले आहेत. क्यूबातील सामान्य माणसांचे त्यात झालेले नुकसान मला फार लागते.

आत्या (नाशिक) : हिवाळ्याचे समजले. आम्ही उन्हाळ्यात येणार, त्याविषयी लिही.

ताई (मिसिसागा) : उन्हाळा म्हणजे पाणी. ऑन्टारिओत अडीच लाखांच्या आसपास सरोवरे आहेत, आणि टोरांटोच्या उत्तरेस मस्कोका, हॅलिबर्टन, जॉर्जियन बे या भागांत त्यांच्या काठांवर लाकडी कॉटेजेस आहेत. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या जोडसुट्टीला लोक ती उघडतात, नळांत पाणी सोडतात, धक्का सरोवरात उतरवतात, आणि ऑक्टोबरमधील थँक्सगिव्हिंगला पाणी गोठण्याआधी सर्व बंद करून परततात. मधल्या काळात दर शुक्रवारी दुपारपासून उत्तरेकडे जाणारा ४०० क्रमांकाचा महामार्ग गाड्यांनी भरून जातो. तेथे जाऊन करायचे काय, तर पोहणे, कनू होडी वल्हवणे, धक्क्यावर वाचत बसणे आणि रात्री शेकोटीभोवती गप्पा.

आत्या (नाशिक) : म्हणजे आपण मुंबईत असताना मे महिन्यात कोकणात घरी जायचो, तसेच झाले. तेथेही पाहण्यासारखे काही आहे का, असे कोणी विचारत नसे.

ताई (मिसिसागा) : अगदी तसेच, आत्या. फरक एवढाच की आज मस्कोकातील घर घेणे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात राहिलेले नाही. ज्यांना आजोबांकडून मिळाले त्यांना मिळाले. बाकीचे आठवड्याच्या भाड्याने घेतात किंवा प्रांताच्या उद्यानांत तंबू ठोकतात, आणि मला विचाराल तर हा तंबूचा मार्ग अधिक न्याय्य आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेले अल्गॉन्क्विन उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे, तेथे पहाटे लून पक्ष्याचा आवाज ऐकू येतो, आणि त्यासाठी कोणाच्या मालकीचे घर लागत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय उद्यानांचे प्रवेशशुल्क माफ केले आणि तेथील तंबूच्या जागांवर २५ टक्के सवलत दिली. प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावरील प्रांताला जोडणाऱ्या जवळजवळ तेरा किलोमीटर लांबीच्या पुलाचा टोलही त्याच ऑगस्टमध्ये ५० डॉलरवरून २० वर आला. सरकारने लोकांना देशात थांबा म्हटले आणि त्यासाठी काही केलेही, हे नोंदवण्यासारखे आहे.

काका (सातारा) : तुझे म्हणणे मनाला पटते. परंतु इतक्या लांब यायचे आणि रॉकी पर्वत न पाहता परतायचे, हे माझ्याने होणार नाही.

दादा (कॅल्गरी) : काका, पाहायलाच हवेत, आणि माझे घर तेथून दीड तासावर आहे. बॅन्फ हे १८८५ पासून राखलेले देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे आणि वर्षाला चाळीस लाखांहून अधिक लोक तेथे येतात. त्यातील मोरेन सरोवराकडे २०२३ पासून खासगी मोटारी सोडत नाहीत, तेथील बसची आगाऊ नोंदणी मी करतो. आम्ही कॅल्गरीकर मात्र गर्दीच्या दिवसांत बॅन्फऐवजी कनानास्किसच्या डोंगरांत जातो, किंवा प्रांताची सीमा ओलांडून शेजारच्या ब्रिटिश कोलंबियातील ओकानागन आणि शुस्वॅप सरोवरांकडे. वणव्यांचाही विचार ठेवा. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर गावाचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला, आणि वणवे दूर असले तरी काही दिवस धुराने समोरचा डोंगर दिसत नाही. म्हणून माझ्याकडे दोन नव्हे, सहा दिवस राहा. एखादा दिवस धुरात गेला तरी हरकत नाही.

काका (सातारा) : मग आराखडा असा बदलतो. व्हँकूव्हर आणि माँट्रियल वगळतो, वहिनीने तेवढे दोन दिवस मिसिसागाला यावे ही विनंती. सहा दिवस कॅल्गरी, आणि उरलेल्या दिवसांत ताईकडे राहून एक आठवडा सरोवराकाठी. मात्र तुझ्या काकूच्या गुडघ्यांना तंबूत जमिनीवर झोपणे जमणार नाही.

ताई (मिसिसागा) : काकूंसाठी पलंग असलेले गोल पक्के तंबू अल्गॉन्क्विनमध्ये आहेत, त्यांना यर्ट म्हणतात, पण ते थोडे असतात आणि लगेच भरतात. नोंदणी मुक्कामाच्या बरोबर पाच महिने आधी सकाळी सात वाजता उघडते, तेव्हा ३ ऑगस्टच्या मुक्कामासाठी मला ३ मार्चला बसावे लागेल. त्याआधी विमानाची तिकिटे पक्की करून तारखा कळवा. यर्ट मिळाला नाही तर हॅलिबर्टनला भाड्याचे कॉटेज पाहते. त्यासाठी शनिवार ते शनिवार असा मुक्काम धरा, कारण उन्हाळ्यात बहुतेक मालक पूर्ण आठवड्याखाली देत नाहीत. आणि तिघांचाही वैद्यकीय प्रवास विमा निघण्यापूर्वी घ्या, जुने आजार त्यात स्पष्ट लिहून.

आत्या (नाशिक) : माझा रक्तदाब आणि थायरॉइड दोन्ही लिहिते. पोहण्याचा पोशाख आणू का?

ताई (मिसिसागा) : अवश्य आणा, आत्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरोवराचे पाणी पोहण्याजोगे असते आणि काळ्या माश्यांचा त्रास तोवर संपलेला असतो. डासांसाठी मात्र पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.