प्रतिसाद: अळशीचं जेल आणि पांढरा भुगा

ताई, कुरळ्या केसांना अळशीचं जेल लावल्यावर पांढरा भुगा दिसतो म्हणालात, तो बहुतेक वेळा कोंडा नसतो. केस अर्धे सुकल्यावर जेल लावलं किंवा जेलच्या आधी लावलेल्या क्रीमशी ते जमलं नाही, की असं होतं. दोन्ही थोडं थोडं तळहातावर चोळून बघा. गुठळ्या झाल्या तर क्रीम बदला.

जेलसाठी 2 मोठे चमचे अळशी, 2 कप पाणी. मध्यम आचेवर ढवळत राहा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच बंद, गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर आणखी घट्ट होतं, मग गाळणीतून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं.

लावताना केसांतून पाणी टपकत असावं. जेल लावलेले केस ओंजळीत घेऊन खालून वर दाबा, जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपा आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका (हेच सगळ्यात अवघड!). कडक झालेले कुरळे नंतर हलके चुरगाळले की मऊ होतात.

इंदूरमध्ये नर्मदेच्या नळाऐवजी बोरिंगचं पाणी वापरत असाल तर केसांवर क्षार बसतात, मग कुठलंच जेल नीट धरत नाही. महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए (क्षार धरून काढणारा घटक) असलेला शाम्पू वापरा. लिंबू नको, टाळू चुरचुरते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ग्लिसरीनवाली क्रीमही बाजूला ठेवा. ग्लिसरीन तेव्हा केसांतलाच ओलावा ओढतं.